नाफप्लिओला (ग्रीस) मुक्काम करावा की एका दिवसात उरकावं? सोबत आईबाबा आणि आईचे गुडघे

उंबरठा
१८ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात दहा दिवस ग्रीसला निघतोय. मी, नवरा, आई (६६) आणि बाबा (७१). आधी अथेन्स आणि सांतोरिनी ठरलं होतं. पण सांतोरिनीच्या हॉटेलांचे दर बाबांच्या कानावर गेले आणि "मी अथेन्समध्येच बसतो, तुम्ही फोटो काढून आणा" असं त्यांनी जाहीर केलं. मग ऑफिसातल्या एका ग्रीक मुलीनं नाफप्लिओ सुचवलं. समुद्रकाठचं जुनं गाव, तीन किल्ले, सगळं पायी फिरता येतं म्हणाली.

गोंधळ असा की अथेन्सहून एका दिवसात मायसिनी, एपिडॉरस (दोन्ही प्राचीन स्थळं) आणि नाफप्लिओ अशी सहल मिळते. नवरा म्हणतो तेच करू, सामान हलवायला नको. मला वाटतंय दोन रात्री राहावं. आईचे गुडघे दुखतात (ऑपरेशन नाही झालेलं, पण जिना दिसला की ती आधी कठडा शोधते) आणि पालामिडी नावाच्या किल्ल्याला हजार पायऱ्या आहेत असं वाचलं. बाबांचं वेगळंच: "किल्ले बघायला ग्रीस कशाला? पन्हाळ्याला एसटी जाते."

कुणी जाऊन आलंय का? राहण्याइतकं काही आहे का तिथे?

खारीबिस्कीट

बाबांना माझा नमस्कार सांगा. मुद्दा बिनतोड आहे.

म्युनिककर

दोनदा गेलोय, एकदा सहलीच्या बसनं आणि एकदा मुक्कामाला. बसवाले नाफप्लिओला जेवणापुरते सोडतात. दीड-दोन तास. त्यात रांग लावून आइस्क्रीम खायचं, किल्ल्याकडे मान वर करून बघायचं आणि परत बसमध्ये. त्या गावाची खरी वेळ संध्याकाळची. ऊन उतरलं की सगळं गाव धक्क्यावर येरझाऱ्या घालायला बाहेर पडतं, म्हातारे, पोरं, बाबागाड्या, सगळे. त्याला ते 'वोल्टा' म्हणतात. समोर आखाताच्या पलीकडे डोंगर, त्यांच्या मागे सूर्य जातो. तेवढ्यात सहलीवाले अथेन्सच्या वेशीवर ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात.

जायला अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून केटेलची बस. साधारण १४० किलोमीटर, दोन ते अडीच तास. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो, पण बसमधून डोळे मिटायच्या आत संपतो.

एक सूचना मात्र नीट ऐका. जुन्या गावात धक्क्याजवळचा भाग सपाट आहे, पण अक्रोनाफप्लिया या दुसऱ्या किल्ल्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या. फोटोत बोगनवेल लटकलेली सुंदर घरं दिसतात ना, ती तिथलीच. खोली ठरवताना दोन प्रश्न विचारा: कितवा मजला, आणि दारापर्यंत गाडी येते का. जुन्या घरांना लिफ्ट नसते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, लाकडी जिना, सासूबाई दिवसातून एकदाच खाली उतरायच्या.

गडवेडा

पालामिडीवर मी सकाळ घालवली आहे, म्हणून लांबण लावतो.

गावाच्या डोक्यावर २१६ मीटर उंचीची टेकडी आहे, तिच्यावर हा किल्ला. व्हेनिसवाल्यांनी बांधला, १७११ ते १७१४. म्हणजे आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता तो काळ. आपण किल्ला म्हटलं की एकच तट आणि आत बालेकिल्ला असं डोळ्यासमोर आणतो. इथे तसं नाही. आठ बुरूज, आणि प्रत्येक बुरूज म्हणजे स्वतंत्र गढी. एक पडला तरी दुसरा लढू शकेल अशी रचना. आता गंमत बघा. एवढा विचार करून बांधला, आणि १७१५ मध्ये, पुरता वर्षभर जुना होण्याच्या सुमारास, तुर्कांनी आठवड्याभराच्या वेढ्यात घेतला. कारण लढायला माणसंच पुरेशी नव्हती. दगड कितीही रचा, वर उभा राहणारा लागतो.

पुढे ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात ३० नोव्हेंबर १८२२च्या पहाटे स्तायकोपुलोसच्या लोकांनी रात्रीत चढून तो परत घेतला. संत आंद्रेआसचा दिवस होता, त्याचं छोटं देऊळ वर आहे. तिथे उभा राहिलो आणि कोंढाणाच आठवला.

पायऱ्यांचं म्हणाल तर गावकरी ९९९ सांगतात. हजारावी त्या युद्धातला सेनानी कोलोकोत्रोनिस याच्या घोड्यानं टाप मारून फोडली म्हणे. मी मोजत गेलो आणि ८६०च्या आसपास दारात पोचलो. सावली नाही, कठडा काही ठिकाणीच. आईंना पायऱ्यांनी मुळीच नेऊ नका. मागच्या बाजूनं डांबरी रस्ता थेट वरच्या दरवाजापर्यंत जातो. टॅक्सीनं वर जा आणि पायऱ्यांनी रमतगमत उतरा.

चिंचोके

मी ९११ मोजल्या.

खारीबिस्कीट

घोडा पायऱ्यांनी चढवला, त्याचं कौतुक कुणाला नाही. सगळे फुटलेल्या पायरीकडे बघतायत.

अनवाणी

गडवेडा, किल्ल्याची माहिती झकास, पण शेवटचा सल्ला चुकीचा आहे. गुडघेदुखीत चढण्यापेक्षा उतरणं वाईट. सगळा भार वाटीवर येतो. माझ्या आईनं सप्तशृंगीला हेच केलं, वर डोलीनं गेली, खाली 'उतरायचंच तर आहे' म्हणून चालत आली आणि पुढचे पंधरा दिवस पलंगावर. टॅक्सीनं जा आणि टॅक्सीनंच या. वर ड्रायव्हरला तासाभरानं बोलवून ठेवा, नाहीतर तिथे टॅक्सी सहज मिळत नाही. आणि वर गेल्यावरही बुरुजाबुरुजांत चढउतार आहेच, दगड झिजून गुळगुळीत झालेत. आईंनी पहिल्या दोन बुरुजांवर बसून समुद्र बघितला तरी पैसे वसूल.

गडवेडा

मान्य. माझे गुडघे अजून बोलायला लागलेले नाहीत, त्यामुळे लक्षात आलं नाही.

दुपारची झोप

मी विरोधी पक्षात. नाफप्लिओचं कौतुक जरा जास्तच होतं. शनिवार-रविवारी अर्धं अथेन्स तिथे लोटतं, धक्क्यावर खुर्ची मिळत नाही. मुख्य गल्ल्यांत तीच ती चामड्याच्या चपलांची आणि संत्र्याच्या मुरंब्याची दुकानं. गावाला लागून असलेला अर्वानितियाचा किनारा गोट्यांचा आणि मूठभर. समुद्रकाठचा किल्लाच बघायचा तर आणखी खाली मोनेमवासियाला जा. अख्खं गाव एका खडकाच्या पोटात, आत शिरायला एकच वाट, नावाचा अर्थही तोच. तटाच्या दारातून आत गेलात की गाड्या नाहीत, आवाज नाही.

म्युनिककर

मोनेमवासिया अप्रतिम आहे, वाद नाही. पण अथेन्सहून चार तासांहून जास्त, आत सगळीकडे ओबडधोबड फरसबंदी आणि उतार, आणि बॅगा हातानं ओढायच्या. उंबरठाताईंच्या आईंना तिथे नेलंत तर त्या तुमचा पत्ता शोधत येतील. गर्दीचं मात्र बरोबर बोललात. ताई, सोमवार ते गुरुवारमध्ये बसवा.

उंबरठा

बापरे, किती छान माहिती! मुक्कामाकडे काटा झुकतोय. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. आई शुद्ध शाकाहारी आहे, तिचं काय होईल?

तिरफळ

मासे न खाता ग्रीसच्या किनाऱ्यावरून परत येणं हा माझ्या मते गुन्हा आहे, पण आईंसाठी उत्तर देते. तिथे काही अडत नाही. 'यिगान्देस' म्हणजे आपल्या पावट्याच्या चौपट आकाराच्या शेंगदाण्यां... चुकलं, दाण्यांची टोमॅटोतली उसळ, भट्टीत भाजलेली. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल, आईंना पिठल्याची आठवण येईल. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि सिमला मिरच्या, फक्त कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून.

एक शब्द पाठ करा: 'निस्तीसिमो'. म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षात ढीगभर असतात आणि त्यात मांस, अंडी, दूधदुभतं काही चालत नाही. हॉटेलवाल्याला हा शब्द चटकन कळतो. पण गाफील राहू नका. त्यांच्या उपासाला मासा चालत नाही, मात्र कोळंबी, शिंपल्या, माकूल, ऑक्टोपस सगळं चालतं. रक्त नसलेला जीव म्हणून.

खारीबिस्कीट

म्हणजे उपासाला तिसऱ्या! आणि आम्ही इकडे साबुदाण्यावर आयुष्य काढलं.

चिंचोके

धर्मांतराचे फॉर्म कुठे मिळतात?

तिरफळ

तुमच्या आजीला सांगू का?

शब्दपिसाट

इतक्या वेळात तिसऱ्या किल्ल्याकडे कुणी वळलंच नाही. धक्क्यासमोर पाण्यात छोट्या खडकावर उभा आहे तो बुर्त्झी. व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बांधला. तिथून किनाऱ्यापर्यंत लोखंडी साखळी ताणून बंदर बंद करायचे, म्हणून बंदराला साखळीचं बंदर असंही म्हणत. आता या नावाकडे बघा. बुर्त्झी आलं तुर्की 'बुर्च'वरून, ते अरबी 'बुर्ज'वरून. आणि आपला 'बुरूज' त्याच अरबी शब्दावरून फारसीमार्गे. म्हणजे उंबरठाताईंचे बाबा धक्क्यावर उभं राहून "तो बुरूज बघ" म्हणाले तर ग्रीक माणसाला दुभाषा लागणार नाही.

असे आणखी आहेत. जोड्याला 'पापुत्सी', आपला पायपोस त्याच कुळातला. बातमीला 'हबारी', आपली खबर. बाजार 'पाझारी'. हलवा तर हलवाच. चारशे वर्षं तुर्कांच्या राज्यात काढल्यावर दुसरं काय होणार.

आणि एक धोक्याची सूचना. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय. 'ओही' म्हणजे नाही. माझ्या काकूनं हॉटेलात "आणखी ब्रेड?" या प्रश्नाला चार वेळा मान हलवत "न्ना, नै" केलं, आणि चार टोपल्या आल्या.

गडवेडा

बुर्त्झी म्हणजे जंजिऱ्याचं बाळ हो. दहा मिनिटांत बघून होतो.

दुपारची झोप

गडवेडा, कोंढाणा झाला, जंजिरा झाला, आता रायगड कधी? प्रत्येक दगड आपल्याकडच्या दगडाशी लावून बघायलाच हवा का? जंजिरा कुणाला जिंकता आला नाही. बुर्त्झीत नंतर पालामिडीच्या तुरुंगातले फाशीगार राहायचे. गिलोटिन चालवणारे. ते स्वतःही शिक्षा झालेले कैदी असायचे आणि गावकरी त्यांना गावात राहू द्यायचे नाहीत, म्हणून पाण्यात ठेवलेले. पुढे त्याच इमारतीत हॉटेल निघालं. ही गोष्ट त्या बुरुजाची स्वतःची आहे, तिला जंजिऱ्याची गरज नाही.

गडवेडा

बरोबर आहे. पण आमच्याकडे मोजपट्टी तीच आहे, काय करणार. फाशीगारांचं माहीत नव्हतं, आभार.

अनवाणी

या वादात मी पण एक तुलना टाकते, रागावू नका.

नाफप्लिओ ही नव्या ग्रीसची पहिली राजधानी, १८३४ मध्ये ती अथेन्सला गेली. पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास, आधी रशियाचा परराष्ट्रमंत्री होता. ९ ऑक्टोबर १८३१ला रविवारी सकाळी प्रार्थनेला जाताना संत स्पिरिदोनच्या चर्चच्या दारात त्याचा खून झाला. मारेकरी ग्रीकांच्याच बाजूनं तुर्कांशी लढलेल्या मावरोमिखालिस घराण्यातले. घराण्याचा प्रमुख त्यानं कैदेत टाकला होता. दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण आहे, काच लावून जपलीय. चर्च एवढंसं आहे, गल्लीत शोधावं लागतं.

पण मला जास्त भिडली ती पुढची गोष्ट. कोलोकोत्रोनिस, तोच घोड्यावाला, स्वातंत्र्ययुद्धाचा सर्वांत मोठा सेनानी. १८३४ मध्ये नव्या राजवटीनं त्याच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला. चौकातल्या जुन्या मशिदीत, जिथे आधी संसद भरली होती, तिथे हा खटला चालला. पाच न्यायाधीश. त्यातल्या पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी मृत्युदंडावर सही करायला नकार दिला. त्यांना संगिनींच्या धाकानं ओढत आणून निकालाच्या वेळी बसवलं, तरी सही केली नाही. पुढच्या वर्षी राजानं सेनानीला माफी दिली. मला रामशास्त्री आठवले. दुपारची झोप, आता बोला.

दुपारची झोप

या तुलनेला हरकत नाही. ही चालते.

म्युनिककर

राजाचा विषय निघाला म्हणून. तो ऑटो, आमच्या म्युनिकचा. १८३३ मध्ये नाफप्लिओच्या बंदरात उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर आलेले बव्हेरियन सैनिक तापाच्या साथीत पटापट गेले. त्यांच्यासाठी प्रोनिया भागात कातळात झोपलेला सिंह कोरलाय, ऑटोच्या वडिलांनी करवून घेतलेला. सहलीवाले तिकडे फिरकत नाहीत. मी अर्धा तास एकटाच होतो तिथे.

शब्दपिसाट

कापोदिस्त्रियासचं बटाट्याचं राहिलं की. त्यानं बटाटे आणले, लोक घेईनात. मग त्यानं ढिगाभोवती पहारेकरी उभे केले आणि त्यांना सांगितलं, कुणी चोरलं तर बघू नका. दोन दिवसांत ढीग साफ. दंतकथा आहे, पण त्या गावात बसून बटाटे खाताना ती सांगायलाच हवी.

खारीबिस्कीट

आमच्या सोसायटीत वर्गणीच्या पेटीभोवती पहारेकरी ठेवले तर काही होईल का?

चिंचोके

पेटी जाईल.

उंबरठा
२६ ऑक्टोबर

आलो परत! धागा वर आणतेय. सोमवार ते बुधवार, दोन रात्री राहिलो. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि आता हिशेब देते.

खोली पहिल्या मजल्यावर, सिंताग्मा चौकापासून दोन मिनिटांवर. म्युनिककरांचे दोन प्रश्न विचारले म्हणून मिळाली. फक्त चौकातली संगमरवरी फरशी रात्री पाणी मारलं की काचेसारखी होते, तिथे आईचा हात सोडला नाही. चौकातल्या व्हेनिशियन कोठारात वस्तुसंग्रहालय आहे, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं काशाचं चिलखत बघितलं. आई म्हणाली, "हे घालून बसला असेल कसा?" तो प्रश्न पाटीवर नव्हता.

पालामिडीला टॅक्सीनं गेलो, टॅक्सीनंच आलो. अनवाणी, तुमच्यामुळे. आई आंद्रेआसच्या बुरुजापाशी पाऊण तास बसली. खाली लाल कौलं, बुर्त्झी, आखात. कोलोकोत्रोनिसची म्हणून दाखवतात त्या कोठडीत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. नवरा आत गेला आणि डोकं आपटून आला. मग तो एकटा पायऱ्यांनी उतरला. ८९४ म्हणतो.

आईचा आवडता भाग वेगळाच निघाला. बंदरापासून अक्रोनाफप्लियाच्या कड्याखालून अर्वानितियाच्या किनाऱ्यापर्यंत समुद्राला लागून फरसबंदी वाट आहे, सपाट. रोज सकाळी दोघं तिथे. एकाही पायरीशिवाय किल्ल्याचा तट डोक्यावर आणि पाणी पायाशी. धाग्यावर ही वाट कुणीच सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितेय. दरडीमुळे कधी कधी ती बंद ठेवतात, हॉटेलात विचारून निघा.

आणि आता बाबा. बाबा रेल्वेत होते, मिरजेला. दुसऱ्या दिवशी सकाळी "दूध बघून येतो" म्हणून गेले ते दीड तास नाहीत. फोन खोलीतच. शोधत गेलो तर बंदराजवळ जुनं रेल्वे स्टेशन आहे, आता बाग झालीय, तिथे जुनं इंजिन आणि डबे ठेवलेत. गाड्या २०११ पासून बंद. बाबा रुळांवर उकिडवे बसून वितीनं अंतर मोजत होते. "मीटरगेज आहे," म्हणाले. "आपल्या मिरज-लोंढ्यासारखं." मिरजेला एके काळी तिन्ही गेज होते, हे त्यांनी तिथल्या बाकावरच्या एका आजोबांना मराठीत समजावून सांगितलेलं होतं. आजोबा "ने, ने" करत होते. बाबांना वाटलं त्यांना पटत नाहीये, म्हणून त्यांनी पहिल्यापासून परत सांगितलं.

एपिडॉरस, मायसिनी दोन्ही राहिलं. फक्त तिरिन्स बघितलं, चार किलोमीटरवर आहे म्हणून. एवढाले दगड की ते राक्षसांनी रचले असं जुने ग्रीकच म्हणायचे.

शब्दपिसाट

"ने, ने" वाचून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

मिरजेचा_तंबोरा

नुसता वाचक होतो, आज खातं उघडलं. काकांना सांगा, लोंढ्याच्या गाडीत मी पण वाढलोय. ते इंजिन वाफेचं आहे का डिझेलचं?

उंबरठा

विचारून सांगते. म्हणजे तासभर लागेल.

गडवेडा

बाबांचं किल्ल्यांबद्दल काय मत झालं शेवटी?

उंबरठा

"पन्हाळा मोठा आहे. पण पन्हाळ्याला समुद्र नाही."

दुपारची झोप

दोन रात्रींत दोन प्राचीन स्थळं सोडून बंद स्टेशन बघून आलात. माझा विरोध मागे.

तिरफळ

आईंच्या जेवणाचं काय झालं ते लिहिलंच नाही.

उंबरठा

हो की! फावा दोन्ही दिवस. पहिल्यांदा खाल्ल्यावर म्हणाली, फोडणी राहिलीय. दुसऱ्या दिवशी पर्समधून हिंग-जिऱ्याची डबी काढली. 'निस्तीसिमो' म्हटल्यावर वेटर खरंच खूश झाला आणि तळलेली माकूल सुचवली. तुम्ही सावध केलं नसतं तर आई 'उपासाचं' म्हणून खाऊन मोकळी झाली असती.

चिंचोके

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी जातोय. थंडीत काही असतं का?

म्युनिककर

पावसाची तयारी ठेवा आणि पालामिडी सकाळीच करा, हिवाळ्यात दुपारीच बंद होतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या, पहिल्या सोमवारी, तो फेब्रुवारी किंवा मार्चात येतो, सगळे पतंग उडवतात, हलवा खातात आणि उपास सुरू करतात. तारीख जुळतेय का बघा.

चिंचोके

जुळतेय! पतंग, हलवा आणि उपासाला कोळंबी. आजीला सांगितलं नाहीये.